पान उघडलं, निकालच नाही

पत्र:

मी 56 वर्षांचा आहे. कोल्हापुरात एका ज्येष्ठ वकीलसाहेबांकडे 1994 पासून कारकून आहे. टाइपरायटरवर सुरुवात केली, आता कॉम्प्युटरवरही बऱ्यापैकी हात बसलाय. साहेब 74 वर्षांचे झाले, कोर्टात क्वचित येतात. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झाल्यावर त्यांची मुलगी मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्मची नोकरी सोडून आली आणि तिनं ऑफिस हातात घेतलं. स्कॅनर आला, दोन ज्युनिअर आले, एआयची वर्गणी भरली. ताई स्वभावानं चांगल्या, मला काका म्हणतात. कागल तालुक्यातल्या एका वाटणीच्या दाव्याचं सेकंड अपील आमच्याकडं आहे. आमची बाजू मुलींची. त्यात लेखी युक्तिवाद तयार झाला, ज्युनिअरनं तो एआयकडून लिहून घेतला. मी सवयीप्रमाणं त्यातले निकाल कपाटातल्या एआयआरमध्ये (ऑल इंडिया रिपोर्टर, छापील निकालांचे खंड) बघायला गेलो. एका निकालाच्या पानावर भलताच भाडेकरूचा खटला. दुसरा तर कुठंच सापडेना. ज्युनिअरला सांगितलं, तर म्हणाला, "काका, ऑनलाइन असतंय ओ ते." युक्तिवाद दाखल झालाय. तारीख पुढच्या बुधवारी. ताईंना सांगावं तर त्यांना वाटेल, म्हातारा कॉम्प्युटरवर जळतोय. कपाटातली पुस्तकं रद्दीत जायची आहेत, त्यांच्या मागोमाग मीही जाणार असं दिसतंय. काय करू?

ता. क. साहेबांचे जुने दावे, अर्ज सगळे श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. शोधायला गेलं की एक शब्द सापडत नाही. टाकून द्यायचे का?

– एक कारकून, कोल्हापूर

उत्तर:

ताईंना आजच सांगा. हा अंक तुमच्या हातात पडला असेल आणि ऑफिस उघडं असेल, तर चहा नंतर घ्या.

तुमच्या नोकरीचं, पुस्तकांचं मागाहून बोलू. घाई आहे ती बुधवारची. त्या युक्तिवादाखाली सही ताईंची आहे. ज्युनिअरची नाही, एआयची तर नाहीच. समोरच्या वकिलानं रविवारी निवांत बसून ते दोन निकाल शोधले आणि त्याला सापडले नाहीत, तर बुधवारी उभं राहून उत्तर द्यायची वेळ ताईंवर येईल. उच्च न्यायालय कोल्हापुरात यावं म्हणून आपल्या बारनं चार दशकं मोर्चे काढले, कामं बंद ठेवली. 18 ऑगस्ट 2025 ला भाऊसिंगजी रोडवर सहा जिल्ह्यांचं काम सुरू झालं. त्या नव्या बेंचपुढं ताईंची ओळख अशी व्हायला नको.

असं घडतं का, तर चांगलंच घडतं. न्यूयॉर्कची गोष्ट ऐका. विमानात खाद्यपदार्थांची गाडी गुडघ्यावर आदळली म्हणून एका प्रवाशानं एव्हियांका या विमान कंपनीवर दावा लावला. त्याचा वकील नवखा नव्हता, 30 वर्षं वकिली केलेला माणूस. त्यानं चॅटजीपीटीकडून निकाल मागवले, पैकी सहा निकाल कुठल्याच कोर्टानं कधी दिलेले नव्हते. आणि खरी गंमत पुढं आहे. त्याला शंका आली तेव्हा त्यानं चॅटजीपीटीलाच विचारलं, हे निकाल खरे आहेत ना? ते म्हणालं, हो. चोरालाच विचारायचं, बाबा, चोरी तू केलीस का! जून 2023 मध्ये न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड केला. पण आदेशात त्यांचा राग नुसत्या चुकीवर नव्हता. निकाल सापडत नाहीत असं कोर्टानं सांगितल्यावरही वकील त्यांनाच धरून बसले, हे त्यांना जास्त लागलं.

आपल्याकडचंही सांगते. डिसेंबर 2024 मध्ये प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या बंगळुरू पीठानं एक आदेश दिला, त्यात अस्तित्वात नसलेल्या निकालांचे दाखले निघाले आणि तो आदेश मागे घ्यावा लागला. ऑक्टोबर 2025 मध्ये खुद्द मुंबई उच्च न्यायालयानं एका कंपनीची प्राप्तिकर आकारणी रद्द केली. अधिकाऱ्यानं आधार म्हणून दिलेले तीन निकाल कुठंच नव्हते. तपासल्याशिवाय असे निकाल वापरू नका, असं कोर्टानं बजावलं. तुमचं अपील त्याच उच्च न्यायालयात आहे.

आता सांगायचं कसं. ज्युनिअरसमोर नको; त्या पोराचंही तोंड लहान होतं आणि मग तो भांडतो. कॉम्प्युटरचा 'क' काढू नका. "मी म्हटलं होतं" हे वाक्य तर गिळूनच टाका. एआयआरच्या त्या पानाची झेरॉक्स घ्या, दुसऱ्या निकालाचं नाव, वर्ष, पान एका चिठ्ठीवर लिहा आणि ताईंच्या टेबलावर ठेवा. म्हणा, "ताई, हे दोन मला सापडेनात. एक नजर टाका." बस्स. मोठ्या फर्ममध्ये काम केलेल्या माणसाला यापुढं काही समजावावं लागत नाही; तिथं दुसऱ्यानं तपासल्याशिवाय कागद बाहेर जात नाही. ताई इथं आल्यावर ती दुसरी नजर मागे राहिली, एवढंच झालंय.

त्याआधी अर्धा तास तुमच्या स्वतःच्या शंकेला द्या, कारण तुम्हीही चुकत असाल. एआयआरमध्ये नाही म्हणजे निकालच नाही, असं होत नाही. दुसऱ्या निकालसंग्रहात असेल; महाराष्ट्र लॉ जर्नलमध्ये असेल, ऑल एमआरमध्ये असेल, बॉम्बे सीआरमध्ये असेल. एखाद्या वेळी वर्षाचा आकडा चुकलेला असतो आणि निकाल खरा असतो. म्हणून पक्षकारांच्या नावानं शोधा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट मिळतात; 2 जानेवारी 2023 ला ते सुरू झालं तेव्हाच त्यावर सुमारे 34 हजार निकाल होते. उच्च न्यायालयाचे निकाल त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहेत. इंडियन कानून हे संकेतस्थळ तर 2008 पासून आहे, तेही फुकट. तिन्हीकडं नाव टाका. कुठंच आलं नाही तर निकाल नाही असं धरायला हरकत नाही. आणि आलं, तर नाव जुळलं म्हणून थांबू नका, आत वाचा. निकाल खरा असतो, पण युक्तिवादात त्याच्या तोंडी घातलेलं वाक्य त्यात नसतं. ही लबाडी पकडायला जास्त अवघड.

सापडलेच नाहीत, तर पुढचं ताई बघतील. बुधवारची वाट न पाहता दुरुस्त युक्तिवाद दाखल करायचा, त्याची प्रत समोरच्या वकिलाला द्यायची आणि पुकारा झाला की पहिल्या वाक्यात सांगायचं, आधीचे दोन दाखले आम्ही मागे घेतो. आपण होऊन कबूल केलेली चूक आणि समोरच्यानं पकडलेली चूक यांत किती अंतर आहे, हे तुम्ही 30 वर्षं कोर्टाच्या आवारात बघितलंय. आणि खरं तर त्या दाखल्यांची गरजच काय होती? मुलींच्या वाट्यासाठी 11 ऑगस्ट 2020 चा विनीता शर्मा निकाल आहे की, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींचा. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, मुलीला हक्क जन्मानंच मिळतो, हे त्यात स्वच्छ सांगितलंय. घरात गूळ असताना शेजाऱ्याकडं साखर मागायला गेल्यासारखं झालं हे!

आता तुमचं दुखणं.

तुम्ही लिहिता, पुस्तकांच्या मागोमाग मीही जाणार. पुस्तकं आणि तुम्ही ही जोडी तुमची तुम्हीच बांधलीय, ती सोडा. कपाटाच्या बाबतीत मी ताईंच्या बाजूची आहे. माझ्याही घरी दोन भिंती भरून एआयआर होते. कातडी बांधणी, सोनेरी आकडे, पक्षकारावर छाप पडायची. त्यातलं शेवटचं पुस्तक मी स्वतः कधी उघडलं, मला आठवत नाही. जागा अडते, वाळवी लागते, आणि कालचा निकाल आजच्या निकालानं उलटवला हे पुस्तक सांगत नाही. जाऊ द्या. पण "पान उघडून बघतो" ही जी तुमची खोड आहे, ती रद्दीवाल्याला देऊ नका. ऑफिसात चौघं होते, निकाल बघायला उठलात तुम्ही एकटे.

वकिलीतला हा बदल कुठून आला, तेही जरा समजून घ्या, म्हणजे ताई कुठल्या जगातून आल्यात ते कळेल. मोठ्या फर्ममध्ये एखादी कंपनी दुसरी कंपनी विकत घेते तेव्हा हजारो करार वाचावे लागतात. पूर्वी त्यासाठी दहा-पंधरा तरुण वकील रात्र-रात्र बसायचे आणि त्या तासांचं बिल लागायचं. सिरिल अमरचंद मंगलदास या मुंबईच्या फर्मनं 2017 मध्येच करार वाचणारं किरा नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. लंडनच्या ॲलन अँड ओव्हरीनं 2023 च्या सुरुवातीला हार्वी नावाचा एआय आपल्या वकिलांच्या हातात दिला आणि त्याच वर्षी तो अमरचंदकडंही आला. थॉमसन रॉयटर्सनं त्या वर्षी वकिलांसाठी एआय बनवणारी केसटेक्स्ट ही कंपनी 65 कोटी डॉलरला विकत घेतली. एवढा पैसा कुणी हौस म्हणून ओतत नाही. तासांवर बिल लावणाऱ्या धंद्यात आठ तासांचं काम वीस मिनिटांत व्हायला लागलं की पक्षकार विचारतोच, मग बिल आठ तासांचं का? तिकडं सगळी धावपळ त्या प्रश्नाभोवती चाललीय.

पण तिकडचे कागद कसले? इंग्रजीत, टाइप केलेले, एका साच्यातले. तुमच्या टेबलावर काय येतं? हातानं लिहिलेला फेरफार, इतर हक्कात कुणाचं तरी अर्धवट खोडलेलं नाव, आजोबांच्या ट्रंकेतला मोडीतला कागद. कोल्हापूर 1 मार्च 1949 पर्यंत संस्थान होतं; इनाम, वतन, देवस्थानच्या जमिनी, त्यांच्या सनदा आणि मग वतनं खालसा झाल्याचे कायदे, हे सगळं एका सातबाऱ्याच्या पोटात दडलेलं असतं. ते मुंबईच्या करारात नसतं आणि अमेरिकेतल्या मशीनला शिकवलेलं नसतं.

बेंच इथं आल्यानं एक काम मात्र वाढलंय, ते म्हणजे भाषांतर. खालच्या कोर्टातलं दावा-कैफियत, साक्षी-पुरावे मराठीत, आणि उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत. पूर्वी ही बासनं बांधून मी रात्रीच्या महालक्ष्मीनं मुंबईला न्यायची. गाडीत अर्धी बार असोसिएशन भेटायची, सांगलीला चहा व्हायचा. आता प्रवास वाचला, भाषांतर उरलं, आणि ते मशीनकडून करून घ्यायचा मोह कुणालाही होईल. करावंही. सर्वोच्च न्यायालयानंच 2019 मध्ये सुवास नावाचं भाषांतराचं सॉफ्टवेअर आणलं. मात्र त्या भाषांतराखाली कुणाची तरी नजर फिरली पाहिजे. माझ्या एका जुन्या ज्युनिअरनं परवा फोन करून सांगितलं, तिच्या मशीननं पोटखराब्याचं, म्हणजे गटातल्या लागवडीला न येणाऱ्या जमिनीचं, इंग्रजी 'अपसेट स्टमक' केलं. म्हणजे कागलच्या शेतकऱ्याच्या गटातल्या सात गुंठ्यांना अपचन झालं! आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण कुळाचं घराणं झालं तर हसू येणार नाही. कूळ म्हणजे जमीन कसणारा की वंश, यावर अख्खा कूळकायद्याचा दावा फिरतो. पोटहिस्सा, सरस-निरस, निरंक, सामाईक विहिरीतली पाण्याची पाळी, यातला प्रत्येक शब्द तुम्हाला झोपेत कळतो. ज्युनिअरला कळत नसेल. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर मुळीच नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

दोन-चार गोष्टी मात्र तुम्हालाही शिकाव्या लागतील. सीएनआर नंबरचे, म्हणजे प्रत्येक खटल्याच्या ओळख क्रमांकाचे, 16 अक्षर-आकडे तुम्ही आधीच पाठ केले असतील, आपल्या जिल्ह्याचे 'एमएचकेओ'नं सुरू होतात ते. ई-फायलिंग ज्युनिअरवर सोडू नका, स्वतः शिका. पीडीएफमधली अक्षरं शोधता येतात का, पानांना नंबर आहेत का, हे बघणं म्हणजे जुन्या काळी बासनाला अनुक्रमणिका लावणंच आहे. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे आकडे बदललेत. चारशेवीस आता 318 आहे, तीनशेदोन आता 103. जुन्या गुन्ह्याला जुनं कलम, नव्याला नवं, हा घोळ मशीन घालतं आणि माणसंही घालतात.

आणि व्हॉट्सॲपच्या चॅटची नुसती प्रिंट काढून कुणी देत असेल तर तिथंच अडवा. जालन्याच्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 14 जुलै 2020 ला न्यायालयानं सांगितलं की मूळ मोबाइल किंवा यंत्रच कोर्टापुढं आणलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र पाहिजेच. तेव्हा ते पुरावा कायद्याचं कलम 65ब होतं. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते 63 झालं, प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आणि त्यात हॅश नावाचा एक लांबलचक आकडा लिहावा लागतो. फाइलीतला एक स्वल्पविराम बदलला तरी तो आकडा बदलतो. पंचनाम्यावरच्या लाखेच्या सीलसारखं समजा, तुम्हाला लगेच पटेल.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक सांगते. ज्युनिअर तो युक्तिवाद काढताना मशीनमध्ये काय-काय टाकतो, यावर लक्ष ठेवा. पक्षकाराची नावं, आधार, घरातल्या भानगडी, सोडचिठ्ठीची कारणं, हे सगळं फुकटच्या चॅटमध्ये ओतणं म्हणजे शिवाजी चौकात उभं राहून वाचून दाखवणं. ताईंनी वर्गणी भरलीय त्यात कदाचित बंदोबस्त असेल, पोराच्या मोबाइलवर नाही. हे बोलायचा अधिकार तुम्हाला आहे का? आहे. वकिलानं पक्षकाराचं गुपित राखायचं हे बंधन वकिलाच्या कारकुनालाही लागू, असं जुन्या पुरावा कायद्याचं कलम 127 होतं. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात तेच 132 मध्ये आलंय. कारकून नावाच्या माणसाची कायद्यानं नोंद घेतलीय, ऑफिसात कुणी घेवो न घेवो.

साहेबांना मध्ये घालू नका. 74 व्या वर्षी त्यांनी लेकीची चूक कारकुनाच्या तोंडून ऐकावी, हे तिघांनाही जड जाईल. सांगायचं तर ताई सांगतील.

बुधवार नीट पार पडला की आठ-पंधरा दिवस जाऊ द्या, मग ताईंशी दुसरं बोलणं काढा. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदातले दाखले, नावं, गट नंबर, तारखा आणि भाषांतरातले महसुली शब्द तुमच्या नजरेखालून जातील आणि तुमच्या सहीची चिठ्ठी फाइलला लागेल, असं ठरवून घ्या. ज्युनिअरनं तुम्हाला संकेतस्थळं शिकवायची, तुम्ही त्याला सातबारा वाचायला शिकवायचं. त्याला रोज एक फेरफार वाचायला लावा, सहा महिन्यांत तो "ऑनलाइन असतंय ओ" म्हणायचं विसरेल. आणि हो, पगाराचंही बोला. मशीनच्या वर्गणीला पैसे निघतात तर ते मशीन तपासणाऱ्याला का निघू नयेत? पण हे बोलणं त्याच दिवशी नको. चूक दाखवून लगेच हात पुढं केला तर ते वाईट दिसतं.

तुमच्या ताज्या कलमाचं. श्रीलिपीतल्या फायली अजिबात टाकू नका. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरांना मागे वेगळेच कोड असतात, म्हणून आजचा कॉम्प्युटर 'वाटणी' शोधत बसतो आणि त्याला भलतीच चिन्हं दिसतात. त्या युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. मात्र आपला फॉन्ट नेमका कुठला ते आधी पाहा, श्रीलिपीचे प्रकार बरेच आहेत आणि चुकीचा निवडला तर कचरा हाती येतो. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार तपासा, तिथं हमखास चुकतं. मूळ फाइल तशीच ठेवा. सुरुवात वाटणीच्या दाव्यांपासून करा. साहेबांनी 30 वर्षांत लिहिलेल्या कैफियती शोधता यायला लागल्या की ताईंना पुढच्या अपिलात मसुद्यासाठी एआयकडं जायच्या आधी घरचंच काही सापडेल. एका दिवसाला पाच फायली, जेवणाच्या सुट्टीनंतर, साक्षीपुराव्याचा बोर्ड नसेल त्या दिवशी.